वांग, लेझर आणि जयपूरचं ऊन

वांगाने कुणी मरत नाही, हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता ते वाक्य सुरू झालं तरी मी दुसरीकडे बघते. ज्यांच्या गालावर वांग आहे आणि ज्यांना घरचे 'एवढंच ना, पावडर लाव' म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही ज्या माझ्यासारख्या उन्हाच्या गावात राहतात आणि लेझर करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी जरूर वाचावं. मी डॉक्टर नाही. रेल्वेच्या सिग्नल विभागात कनिष्ठ अभियंता आहे. माझ्या चेहऱ्याचं काय झालं तेवढंच मला सांगता येईल, आणि ते सांगायचं तर आधी माझ्या मुलीचं सांगावं लागेल.

मुलगी

आम्ही मूळचे भुसावळचे. माझे वडील, अण्णा, रेल्वेत होते, सासरे रेल्वेत होते, नवरा मिलिंद मालगाडीवर लोको पायलट. जयपूरला आमची बदली झाली तेव्हा नवं लग्न होतं. जगतपुऱ्यात स्टेशनपासून जवळच फ्लॅट घेतला, भाड्याने. मला पाचवा महिना लागला तेव्हा गालांवर आणि कपाळावर तपकिरी डाग दिसायला लागले. मी आईला फोनवर दाखवले. आई हसली.

"अवं, पोटुशी बाईले येतंच ते. माह्या तोंडावरबी आलं होतं तुह्या टायमाले. बाळ झालं का जाते."

मलाही ते डाग वाईट वाटले नाहीत. यार्डातली पोरं 'मैडम, धूप लग गई' म्हणायची आणि मी मनात म्हणायचे, धूप नाही रे.

आठव्या महिन्यात एका सकाळी मला जाणवलं की पोटात काही हलत नाहीये. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर पडून राहिले. मग दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी करणारी डॉक्टर बोलता बोलता थांबली आणि तिने पडदा हळूच स्वतःकडे वळवला. तेव्हाच मला कळलं.

बाळंतपण मात्र पूर्ण करावं लागतं. कळा येतात, सगळं तसंच होतं. मुलगी होती. नर्सने विचारलं, "देखेंगी?" मी मान फिरवली. मिलिंदने पाहिलं. कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. घरी आल्यावर दूध आलं. ते कसं थांबवायचं हे मला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. शेजारच्या पुष्पाजी रोज भांडंभर राबडी, ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ, आणून ठेवायच्या, काही न विचारता परत जायच्या. त्या दिवसांत कुणी माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

डाग राहिले

पोट उतरलं, दूध आटलं, केस गळून पुन्हा आले. वांग तेवढं गेलं नाही. उलट कामावर परतल्यावर जास्त गडद झालं. सिग्नलचं काम म्हणजे रुळांच्या कडेने चालणं, पेट्या उघडून वायरी तपासणं. वरून ऊन येतं आणि खालच्या खडीवरूनही येतं. एप्रिलपासून लू सुरू झाली की चेहरा भट्टीपाशी धरल्यासारखा होतो.

आणि बायका विचारायच्या. "चेहरे पे झाइयां कैसे हो गईं? बच्चा हुआ था क्या?" भाजीवाली, पार्लरवाली, लिफ्टमध्ये भेटलेली अनोळखी बाई. मी म्हणायचे, "धूप से." तरीसुद्धा तो प्रश्न कानात दिवसभर राहायचा. जयपुरात स्कूटीवरच्या सगळ्या बायका ओढणीने तोंड गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. मीही गुंडाळायचे आणि घरात शिरल्यावरही बराच वेळ सोडायचे नाही.

आदर्श नगरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "मेलाज्मा." आपलं वांगच. सनस्क्रीन आणि एक मलम लिहून दिलं. "वेळ लागेल. वर्ष लागेल कदाचित."

पण माझ्या धाकट्या बहिणीचं, पल्लवीचं, लग्न मे महिन्याच्या अखेरीस होतं. भुसावळला सगळं गणगोत जमणार होतं. त्यातल्या प्रत्येक बाईची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर जाणार, मग पोटावर, मग खाली, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. निदान चेहरा तरी स्वच्छ घेऊन जावा, असं वाटलं.

यंत्र निवडणं

मिलिंद म्हणाला, "लेझर उन्हाळ्यात कशाला? लग्नानंतर बघू ना."

"लग्नानंतर काय उपयोग?"

तो गप्प बसला. आमच्या घरात तेव्हा असंच चालायचं. कुणी एकाने गप्प बसायचं.

लेझरचं क्लिनिक काचेचं होतं, आत गारेगार. तिथे डॉक्टरच्या आधी एक सल्लागार मुलगी भेटते. तिने टॅबवर तीन यंत्रं दाखवली, साडीच्या दुकानात घड्या उलगडाव्यात तशी. एक त्वचेचा वरचा थर बारीक बारीक छिद्रांनी जाळून काढणारं. एक नुसता प्रकाशाचा झोत मारणारं. आणि एक परदेशी, सगळ्यात नवं, त्वचेच्या आत जाऊन रंगाचे कण फोडणारं. मी अभियंता. मी तरंगलांबी विचारली, एका झटक्याला ऊर्जा किती ते विचारलं, ठिपक्याचा आकार विचारला. ती खूश झाली. म्हणाली, "मैम, ऐसे सवाल कोई नहीं पूछता." आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. गोरे, गुळगुळीत गाल. मी नवं यंत्र निवडलं.

यंत्राबद्दल मी सगळं विचारलं. मी दिवसभर कुठे काम करते, हे मला तिथे कुणी विचारलं नाही.

डोळ्यांवर काळे चष्मे चढवतात. मग टिकटिक आवाज आणि चटके, रबरबँड ताणून गालावर सोडावा तसे. लव जळाल्याचा वास येतो. पहिल्या खेपेनंतर चेहरा थोडा लाल झाला आणि आठवड्याभरात खरंच उजळला. आरशात बघून मी कितीतरी महिन्यांनी कुंकवाची टिकली लावली. दुसऱ्या खेपेला मी स्वतःच म्हणाले, थोडं वाढवा, लग्न जवळ आलंय. यंत्र चालवणाऱ्या मुलाने डॉक्टरला न विचारता वाढवलं. डॉक्टर तिथे नव्हतेच.

रात्रभर गाल ठणकत राहिले. सकाळी कपाळावर बारीक फोड होते. त्याच आठवड्यात यार्डात मोठा बिघाड झाला आणि मला भर दुपारी उभं राहावं लागलं. ओढणी होती, सनस्क्रीन होतं. तरी खपल्या पडल्या तेव्हा खालून जे निघालं ते तपकिरी नव्हतं. करडं, काळपट होतं. आधी वांग गालाच्या उंचवट्यावर होतं, आता जबड्यापर्यंत पट्टे उतरले होते.

क्लिनिकमध्ये पुन्हा गेले. सल्लागार मुलीने माझा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज बदलला. "आपने धूप से बचाव नहीं किया ना, मैम." मग टॅब उघडला आणि दुसरं यंत्र दाखवायला लागली. मी उठून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. ओढणी हातातच होती, गुंडाळली नाही.

पल्लवीचं लग्न

मी गेले नाही. तिकीट होतं, बॅग भरलेली होती. आईने फोनवर खूप समजावलं. "तू बस फक्त एका कोपऱ्यात. कोणी काही नाही म्हणत." शेवटी पल्लवीने फोन हातात घेतला.

"ताई, माझ्या लग्नापेक्षा तुझं तोंड मोठं झालं का?"

पांढऱ्या साडीतली पल्लवी मी फोनवर पाहिली. वधू-वर बुद्धवंदनेला हात जोडून उभे होते आणि फोन धरणाऱ्याचा हात हलत होता. त्यानंतर ती कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही.

मिलिंद

लग्नानंतरच्या रविवारी मिलिंद घरी होता. दुपारचं जेवण झालं होतं. मी खिडकीचे पडदे ओढून बसले होते आणि रडत होते. तो समोर येऊन उभा राहिला आणि एकदम म्हणाला,

"तुला तिला पुसून टाकायचं होतं."

"काय?"

"ते डाग तिचे होते. तू दुकानात जाऊन ते पुसून घेत होतीस. मला एकदा विचारलंस तरी?"

मी हातातली वाटी भिंतीवर फेकली. ओरडले की चेहरा माझा आहे, प्रश्न मला विचारतात, तू गाडी घेऊन निघून जातोस. तोही ओरडला. मिलिंद ओरडताना मी कधी पाहिला नव्हता. मग तो तिथेच फरशीवर बसला आणि वाटीचे तुकडे गोळा करायला लागला.

"तू पाहिलं नाहीस," तो तुकडे वेचता वेचता म्हणाला. "तिच्या डोक्यावर खूप केस होते. ओले. नाक तुझ्यासारखं होतं, पसरट. मला कुणाला सांगताच आलं नाही. तुला कसं सांगणार?"

इतके महिने तो माझ्या चेहऱ्याकडे बघायचा तेव्हा मला वाटायचं, याला किळस येते. तो त्या डागांमध्ये दुसरंच काही बघत होता. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच फरशीवर बसलो. त्याने मला सगळं सांगितलं. तिला कशात गुंडाळलं होतं, तिचं वजन हातात कसं लागलं, पुरायला कोण कोण आलं होतं. मी पहिल्यांदा सगळं ऐकलं.

त्यानंतर सगळं नीट झालं, असं मी म्हणणार नाही. पण एकाने गप्प बसायचं, हे थांबलं.

सरकारी दवाखाना

पुष्पाजींनी सरकारी दवाखान्याचं नाव काढलं. तिथे रांग लांब, पंखे वर गरगरत असतात आणि वारा खाली येत नाही. पण डॉ. माथुर मॅडमनी मला समोर बसवून आधी चेहरा नाही, हात बघितले. मनगटापर्यंत काळे, घड्याळाखाली गोरे.

"कुठे काम करता?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"रेल्वेत. रुळांवर."

त्यांनी क्लिनिकचे कागद पाहिले आणि पेन खाली ठेवलं. "आणि लेझर मे महिन्यात केलंत."

रागावल्या नाहीत. एक निळसर दिवा माझ्या चेहऱ्याशी धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. लेझरचा प्रकाश रंगाच्या मागे जातो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत रंग सगळीकडेच आहे, त्यामुळे नको तिथेही उष्णता धरली जाते, आणि दुखावलेली त्वचा आणखी रंग तयार करते. त्यावर ऊन लागलं की झालंच. "यंत्र खराब नव्हतं. तुमच्यावर, त्या महिन्यात, तेवढ्या जोरात चालवायला नको होतं."

मी विचारलं, "जाईल का?"

"ताजा काळेपणा बराचसा जाईल. वांग किती जाईल ते सांगत नाही. खोटं सांगायचं नाहीये मला."

त्यांनी लावायला रंगीत सनस्क्रीन दिलं, कारण साधं सनस्क्रीन खिडकीतल्या उजेडाला पुरत नाही म्हणाल्या. दर थोड्या तासांनी पुन्हा लावायचं. गॅसपाशी कमी उभं राहायचं. कुठलंही मलम मेडिकलवाल्याला विचारून आणायचं नाही. मी सगळं केलं. यार्डातली पोरं म्हणायची, "मैडम आटा लगाके आई हैं." माझ्या साहेबांनी माझी पाहणी पहाटेवर टाकली आणि दुपारचं कागदी काम दिलं. थंडीत अख्खं जयपूर गच्चीवर उन्हात बसून मटार सोलतं, शेंगदाणे खातं. पुष्पाजी वरून हाक मारायच्या. मी जिन्याच्या सावलीत बसून सोलायचे.

विक्रेता

एकदा माझा नंबर यायच्या आधी मॅडमनी मला आत बोलावलं. तिथे एक सूट घातलेला माणूस बसला होता. विभागासाठी लेझर यंत्र घ्यायचं होतं आणि तो ते विकायला आला होता. मॅडम म्हणाल्या, "वैशाली, तुमची हरकत नसेल तर ओढणी काढाल?"

मी काढली. त्याने पाहिलं आणि नजर खाली केली.

"यांना तुमच्याच जातीच्या यंत्राने झालंय," मॅडम म्हणाल्या. "तुमचे फोटो मी पाहिले. ते शेवटच्या खेपेनंतर लगेच काढलेले आहेत. मला उन्हाळा उलटून गेल्यावरचे फोटो पाहिजेत. आमच्यासारख्या रंगाच्या, बाहेर काम करणाऱ्या बायकांचे."

"मॅडम, तसे आत्ता माझ्याकडे नाहीत."

"ऊर्जा अगदी खाली आणता येते का? किती खाली? त्वचा गार ठेवायची सोय यंत्रातच आहे का? इथे येऊन शिकवणार कोण? बंद पडलं तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार?"

तो एकेक उत्तर देत होता. काही येत नव्हती, तेही त्याने सांगितलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही विचारायचंय?"

मला बरंच विचारायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "चालवणार कोण?"

मॅडम म्हणाल्या, "मी. किंवा माझ्यासमोर."

पुढे त्यांनी घेतलं ते यंत्र दुसरंच होतं. फार नवं नव्हतं. वांगाला ते सहसा वापरतच नाहीत, जन्मखुणांना आणि गोंदण काढायला जास्त वापरतात. वांगाला कधी वापरलंच तर थंडीत, आणि आधी कानाजवळ एका लहानशा ठिपक्यावर करून बघतात. जे कुणी लेझरच्या विचारात असतील त्यांनी एवढं तरी मागावं. आधी एक ठिपका. मग थांबणं.

ठिपका

माझाही केला, थंडीत, जबड्याखाली. मी रोज आरशात बघायचे. सुरुवातीला तो उजळ दिसला. मी मिलिंदला बोलावून दाखवला. संक्रांत झाली, आणि हळूहळू त्याच्या कडेने काळी रेघ उमटली. मग सगळा ठिपकाच काळा झाला.

मॅडमनी दिवा धरला आणि ठेवून दिला. "लेझर तुमच्यासाठी नाही, वैशाली. यापुढे कुणाकडेच करू नका."

मी मान हलवली. तिथेच रडायला लागले, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मॅडमनी दार लोटून घेतलं. चेहऱ्यासाठी रडतेय असं त्यांना वाटलं असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण मी म्हणत होते, "मी तिला बघितलं नाही, मी तिला बघितलं नाही." मॅडमनी पाणी दिलं. पुढच्या पेशंटला थांबवून ठेवलं.

आता माझा चेहरा असा आहे: लेझरचे पट्टे फिकट झालेत, जवळून बघितलं तरच दिसतात. वांग आहे. थंडीत कमी, उन्हाळ्यात जास्त. रंगीत सनस्क्रीनखाली बऱ्यापैकी झाकतं. आम्हाला अजून दुसरं मूल नाही. डॉक्टर म्हणतात अडचण काही नाही. मलाच धीर होत नाही.

भुसावळ

पल्लवीला दिवस राहिले ते मला आईकडून कळलं. सातव्या महिन्यात ती माहेरी आली आणि तिने स्वतः फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "ताई, येतेस का?" बाकी काही नाही. मिलिंद आणि मी, दोघंही रजा काढून गेलो.

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी दारातून आत गेले आणि मला दिसलं. तिच्या दोन्ही गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर. मी ओढणी काढून तिच्याजवळ बसले. तिने माझा चेहरा नीट पाहिला, लग्नाच्या आधीपासून पाहिला नव्हता तो. तिचे डोळे भरले.

"ताई, मला वाटलं होतं तू उगाच..."

"असू दे."

"माझं जाईल ना गं?"

"बऱ्याच जणींचं जातं. आईचं गेलं होतं. माझं नाही गेलं." मी पर्समधून माझी ट्यूब काढली, बोटावर घेतली आणि तिच्या गालावर लावायला लागले. "हे रोज लावायचं, घरात असलीस तरी. आणि नाही गेलं तर घाई करायची नाही. उन्हाळ्यात कुणाला हात लावू द्यायचा नाही."

ती मान वर करून लहान मुलीसारखी लावून घेत होती. तिच्या पोटावर गाऊन हलला, आतून लाथ बसली तसा. आम्ही दोघींनी पाहिलं. तिने घाईघाईने हात पोटावर ठेवला, जणू माझ्यासमोर ते व्हायला नको होतं.

"तुला कधी आलं होतं?" तिने विषय बदलायला विचारलं.

"पाचव्या महिन्यात," मी म्हणाले. "माझ्या मुलीच्या वेळी."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आमच्या घरात तिला अजून कुणी मुलगी म्हटलं नव्हतं. 'ते झालं', 'तेव्हाचं', असंच म्हणायचे सगळे. बाहेरच्या खोलीत अण्णांशी बोलत बसलेला मिलिंद उठून दाराशी आला.

पल्लवीने माझा हात धरला आणि तो आपल्या पोटावर नेऊन ठेवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पुन्हा लाथ बसली, अगदी माझ्या तळव्याखाली. मी हात काढला नाही.